टाकीत येणारं कोमट पाणी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. मॉरीननं स्वतः सांगितलंय.

आणि रात्रबित्र काही नव्हती हो. ऑक्टोबरातली सकाळ. दहाचा सुमार. लख्ख ऊन.

मॅसॅच्युसेट्समधल्या ॲशमीर गावात मॉरीन आईचं घर विकायला निघाली होती. आईला जाऊन दोन वर्षं झालेली, घर तेव्हापासून बंद. तिकडे ॲरिझोनात लेक आठव्या महिन्यात, एकटी. पण घर विकल्याशिवाय मॉरीनला हलता येईना. आणि तिथला नियम असा, की सेप्टिक टँक तपासून घेतल्याशिवाय घर विकता येत नाही.

तपासायला आला गिल. तिचा शाळासोबती.

"काय गं, या वयात तुमचा संडास तपासायचं माझ्या नशिबी!"

"गप रे. घरात कोणी राहत नाही. फॉर्मवर शून्य लिही आणि मोकळा हो."

गिलनं अंगणातली माती उकरून झाकण उचललं. आत वाकला.

आणि त्याचं हसू मावळलं...

"मॉरीन, घरात नळ चालू आहे?"

"छे! दोन वर्षं पाणी बंद आहे."

"मग हे काय?"

घराकडच्या पाइपातून टाकीत पाणी पडत होतं. बारीक धार. सावकाश...

त्याला वाफ येत होती. वर पांढरा फेस.

गिल तळघरात गेला. विहिरीच्या पंपाची वायर काढलेली. न्हाणीघरातला टब कोरडा, त्यावर बोटभर धूळ.

पण तिथं वास होता... लॅव्हेंडरच्या साबणाचा.

मॉरीननं तो लगेच ओळखला. आई रोज दहाला अंघोळ करायची. याच साबणानं. शेवटच्या आठवड्यात वृद्धाश्रमात नेताना तिनं दाराची चौकट धरली होती. "मला माझ्या घरातून काढू नका गं!" मॉरीननं तिची बोटं एकेक करून सोडवली होती.

गिल बाहेर येऊन गाडीला टेकला. "टाकी चांगली आहे, पास करतो. पण राहणारे किती, तो रकाना तूच भर. मी नाही बाबा शून्य लिहिणार."

मॉरीनला लेकीचं पोट आठवलं. तिनं शून्य लिहिलं.

धार तिथल्या तिथं थांबली...

घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. कडेवर चार महिन्यांचं बाळ.

मे महिन्यात त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन आला.

"बाई, रागावू नका, एक विचारू? सकाळी दहानंतर बाळाला उचलायला जाते, तर... केस ओले असतात. भांग पाडलेला. अंगाला साबणाचा वास. मी अंघोळ घातलेलीच नसते हो! तिथं आणखी कोणी राहत होतं का?"

तिकडे ॲरिझोनात मॉरीनच्या मांडीवर नात झोपली होती.

"नाही गं. कोणीच नाही." तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला ती नातीच्या केसांवरून हात फिरवून बघते.

अजून तरी कोरडे असतात...