डावी बाजू आधी

चंद्रावरच्या केवडा वस्तीत साठ माणसं राहायची, आणि त्यांतली बावन्न म्हणायची, "कोशिंबीर? वा! आम्हाला फार आवडते." मग दुपारी भोजनगृहात कोशिंबीर घ्यायचं कोण? नऊ जण! आवडते तर घेत का नाहीत? अकरा वर्षांच्या शाल्मलीला या कोड्यानं भंडावून सोडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नाही खाल्ली तर नाही खाल्ली, त्यात काय एवढं? पण तसं नव्हतं. तिचे कौस्तुभ आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. काचेच्या घुमटाखाली त्यांनी काकडी, गाजर, बीट, कोथिंबीर असा झकास मळा फुलवला होता. आणि वस्तीच्या प्रमुख सायली खोत परवाच त्यांना म्हणाल्या होत्या, "कौस्तुभराव, आपल्याकडे पाणी मोजकं. तुमचा निम्मा माल खतात जातोय. महिनाभरात फरक पडला नाही तर मळा बंद, आणि पुढच्या यानानं तुम्ही पृथ्वीवर."

शाल्मलीनं ते ऐकलं. आजोबांशिवाय तिला एक दिवस करमत नसे.

मग तिनं काय केलं? मोठी माणसं नेहमी करतात तेच. उपदेश! भोजनगृहात वाढायला सातोबा नावाचा चार हातांचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) होता. तिनं त्याला एक भाषण शिकवलं. ताट घेऊन कुणी आलं, की सातोबा सुरू, "गाजर डोळ्यांना चांगलं. काकडीत पाणी भरपूर. तंतू (भाज्यांतला चोथा) पोट साफ ठेवतात..."

"अरे बाबा, वाढतोयस की शाळा घेतोयस?" खाणीतून दमूनभागून आलेले मोरेकाका ओरडले. "भूक लागलीय मला!"

त्या दिवशी कोशिंबीर घेतली सात जणांनी. म्हणजे होते त्यातले दोन गेले!

शाल्मली हिरमुसली खरी, पण गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी तिनं सातोबाचं भाषण बंद केलं, वही घेऊन ती कोपऱ्यात बसली आणि नुसती बघत राहिली. रांग सुरू व्हायची तिथे गरमागरम बटाटेवडे. मग पापड, मग पुलाव. आणि अगदी शेवटी, खांबाच्या आड कोशिंबीर. तिथे पोचेपर्यंत ताटात बोटभर जागा उरत नव्हती. वर सातोबा विचारायचा, "कोशिंबीर हवी का?" तोवर ज्याचं त्याचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे. "नको, नको," म्हणत माणसं पुढे.

तिनं हे सांगितल्यावर आजोबा मांडीवर थाप मारून हसले. "अगं, आमच्या गावी लग्नात पंगत बसायची ना, तेव्हा वाढपी आधी पानाची डावी बाजू वाढायचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. विचारतोय कोण? नको असेल त्यानं पानावर आडवा हात धरायचा, की वाढपी पुढे."

"म्हणजे सातोबाचं सगळं उलटंच चाललंय!" शाल्मली उडीच मारायची बाकी होती. "आजोबा, उद्यापासून कोशिंबिरीची जागा आणि ते विचारणं, दोन्ही बदलू या!"

"थांब, उतावळे! दोन्ही एकदम बदललंस, तर कशानं फरक पडला ते कळणार कसं? एका वेळी एकच."

पहिल्या आठवड्यात त्यांनी फक्त जागा बदलली. कोशिंबीर रांगेच्या सुरुवातीला, बाकी सगळं होतं तसं. नऊचे एकवीस झाले! दुसऱ्या आठवड्यात सातोबानं विचारणं सोडलं. तो थेट डावीकडे चमचाभर वाढायचा, आणि ताटावर आडवा हात आला की पुढे सरकायचा. एकवीसचे अठ्ठेचाळीस! वडे तेवढेच होते, कुणी एकही लपवला नव्हता.

"पण असं का होतं?" शाल्मलीनं विचारलं.

"भुकेल्या मेंदूला विचार करायचा कंटाळा असतो," आजोबा म्हणाले. "जे समोर असेल, सोपं असेल, ते तो उचलतो. आपण काहीच बोललो नाही तर जे आपोआप मिळतं, त्याला म्हणायचं गृहीत निवड. पूर्वी गप्प राहणाऱ्याला कोशिंबीर मिळत नव्हती, आता मिळते. आणि सक्ती न करता, बक्षीस किंवा शिक्षा न देता, नुसती मांडणी बदलून माणसाला चांगल्या वाटेकडे वळवायचं, ही झाली सौम्य ढकल."

सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात खोतबाई तणतणत आल्या. "लोकांना न सांगता त्यांच्या ताटात ढवळाढवळ? हे मला चालणार नाही!"

शाल्मलीचे कान लाल झाले. वाईट याचं वाटलं, की बाईंचं म्हणणं बरोबर होतं. ती म्हणाली, "चुकलंच माझं. मी उद्या सगळ्यांना सांगते. मग लोकांनी घेणं बंद केलं, तर... तर मळा बंद करा."

दुसऱ्या दिवशी दारात फळा लागला. 'तुम्ही जास्त कोशिंबीर खावी म्हणून आम्ही ती आधी ठेवली आहे आणि न विचारता वाढतो. नको असेल तर ताटावर हात धरा. शाल्मली.'

मोरेकाकांनी फळा दोनदा वाचला. शाल्मलीचा जीव टांगणीला लागला.

"म्हणजे पंधरा दिवस मी बीट खातोय, आणि मला पत्ताच नाही?" ते गडगडून हसले. "लबाड पोरगी! वाढ रे सातोबा."

रांग पुढे सरकत राहिली. काहींनी हात आडवे धरले, बहुतेकांनी नाही. सगळ्यांत शेवटी खोतबाई आल्या आणि त्यांनी मुद्दाम हात आडवा धरला. सातोबानं मुकाट्यानं चमचा मागे घेतला. ना आग्रह, ना भाषण.

"नको म्हटल्यावर खरंच नको राहतं का, तेवढंच बघायचं होतं मला," बाई हसून म्हणाल्या. "किती झाले गं?"

"सत्तेचाळीस," शाल्मली वहीत बघून म्हणाली.

बाईंनी हात काढला. "अठ्ठेचाळीस लिही. आणि कौस्तुभराव, यानातली तुमची जागा मी दुसऱ्या कुणाला देते."

संध्याकाळी आजोबांनी मळ्यात बियांच्या पुड्या मांडल्या. "नवा वाफा तुझा. मुळा महिना-दीड महिन्यात येईल, मेथी त्याहून लवकर. काय लावायचं, बोल."

शाल्मलीनं सगळ्या पुड्या चाळल्या आणि शेवग्याचं बी उचललं.

"अगं, याला शेंगा धरायला सहा-आठ महिने लागतील!"

"माहितीये," ती म्हणाली, आणि माती उकरू लागली.