धुतलेलं मेणकापड

"लीला-सान, लवकर या! वही गेली!"

फोनवर ओकादा आजोबा होते. लीलावतीनं कीर्तनाची कॅसेट बंद केली, पायांत चपला सरकवल्या आणि शेजारचं दार गाठलं. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानमध्ये, इचिकावात आल्यापासून पाच वर्षं याच घरानं तिला माहेरासारखी माया दिली होती.

ती वही म्हणजे आजोबांचा जीव. चोपन्न साली पॅसिफिकमध्ये हायड्रोजन बाँबची चाचणी झाली आणि त्यांच्या मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. बोट तिथे नव्हतीच, असं पुढे कप्तानाच्या जबानीवरून कागदोपत्री ठरलं. पण बिनतारी यंत्रावर बसणाऱ्या आजोबांनी बोटीची रोजची जागा वहीत टिपली होती. सहा सोबती रक्ताच्या आजारानं गेले. आज, चाळीस वर्षांनी, दुपारी तीनला चौकशी समिती ती वही बघायला येणार होती.

"काल कोण आलं होतं?"

"मोरिता. आमचा कप्तान. म्हणाला, कशाला जुनं उकरतोस."

"वही कुठे होती?"

"इथेच, त्याच्या हाताशी."

मोरितानं संत्र्याच्या सालींत सिगारेटची थोटकं विझवून कॉफीचा डबाही तिथेच कोंबला होता. आजोबांची लेक मिचिको अजून धुसफुसत होती. "सत्तरीचा घोडा झाला, पण कचरा वेगळा करता येत नाही!"

"आणि आज सकाळी?"

"कोणी नाही. रद्दीची गाडी तेवढी येऊन गेली," मिचिको म्हणाली. "माझ्या युमीच्या लग्नाची आवराआवर चाललीय ना. सोयरे फार चिकित्सक."

लीलावती मागच्या दारी गेली. न जळणारा कचरा उद्या जायचा होता. त्याची पिशवी भिंतीशी उभी होती. तिनं आत हात घातला.

वहीचं निळं मेणकापडी कव्हर तिनं टेबलावर ठेवलं. धुतलेलं, वाळवलेलं, चौकोनी घडी घातलेलं.

बुवा पूर्वरंग आटोपून कथेला लागतात, तशी ती सावकाश बोलू लागली.

"मोरिता-सान चोर असते, तर वही अख्खीच गेली असती. थोटकं नि डबा एकत्र कोंबणारा माणूस कव्हर सोडवत बसेल? पानं सकाळच्या रद्दीत गेली. मेणकापड रद्दीत चालत नाही, म्हणून ते या पिशवीत. आणि पिशवीत टाकण्याआधी धुवायचं, वाळवायचं, घडी घालायची..." तिनं कव्हरच्या घडीवर बोट ठेवलं. "हे मला तुम्हीच शिकवलंत, मिचिको-सान."

मिचिकोनं मान वर केली नाही. "पेपरात नाव आलं असतं. बाँबची राख अंगावर पडलेल्याची नात म्हणून युमीचं लग्न मोडलं असतं."

"कप्तान खोटं बोलला, ते सोसलं मी," आजोबा म्हणाले. "तो परका होता."

तीन वाजले. दारावरची बेल वाजली. कोणीच उठलं नाही.

आजोबांनी मेणकापडावरून हात फिरवला.

"छान धुतलंस, पोरी. राख पडली त्या दिवशी आम्हीही डेक असाच लख्ख धुतला होता."

कव्हर छातीशी धरून ते स्वतःच दार उघडायला गेले.