हालाची चौकशी

दुर्रा ओरडेपर्यंत ट्रकमधला ऑलिव्हचा काळपट, ओला चोथा तिच्या रोपवाटिकेच्या फाटकातच धबाधबा ओतला गेला होता.

"अहो, मी खत मागवलं होतं! हा असा कच्चा घातला तर माझी मिरचीची रोपं जळून जातील."

"चूक माझी," महदिया गावच्या तेलघाण्यावरचा वजदी खाली उडी मारत म्हणाला. "याचंच खत करून देतो. मग तर झालं?"

आणि खरंच आला की तो! चोथ्यात मेंढ्यांच्या लेंड्या, गव्हाचं काड मिसळून त्यानं ढीग रचला. मग ढीग खालीवर करायला तो वरचेवर येऊ लागला. दुर्रा पाणी शिंपडायची, ढिगातून वाफ उठायची आणि वाफेआडून तो बघायचा... की तिला उगाच तसं वाटायचं?

कारण निघताना त्याचा प्रश्न ठरलेला, "हालाताईंचं... कुठं जमलं का?"

हाला तिची थोरली बहीण, देखणी शिक्षिका. "नाही अजून," म्हणत दुर्रा पुन्हा पाणी शिंपडायला वळायची. उन्हाळा लागल्यावर तर तो जाईच्या कळ्यांचा तुरा तिच्या हाती ठेवून नुसतं "घ्या" म्हणायचा. कुणासाठी, ते सांगेल तर शपथ! दुर्रा निमूटपणे तो हालाला नेऊन द्यायची.

शेवटी ढीग निवला, खत भुसभुशीत झालं. त्याच आठवड्यात हालाचं लग्न ठरलं.

"वजदी... वाईट वाटून घेऊ नका," दुर्रा कशीबशी म्हणाली. "हालाचं ठरलं."

त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. आणि तो चक्क हसला!

"हसताय काय?"

"थोरलीचं ठरेपर्यंत धाकटीचा विषय काढायचा नाही, असं आईनं बजावलं होतं. म्हणून तर विचारत होतो!"

"धाकटी म्हणजे... आणि ते तुरे?"

"तुमच्याच हातात दिले ना?"

"मी ते सगळे हालाला दिले!"

वजदीनं कपाळावर हात मारला. दुर्राला हसावं की रडावं कळेना.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "आईला मागणी घालायला पाठव आता."

"पण मी तुला अजून विचारलंच नाही..."

"मग विचार ना!"

त्यानं हातांची माती झटकली, सदरा नीट केला, घसा खाकरला. आणि त्यानं विचारायच्या आधीच दुर्रानं मान हलवून होकार दिला.