मत्स्यगरुडांची मुदत

रीनाने शिडी अर्जुनाच्या खोडाला टेकवली, कमरेचा पट्टा आवळून ती वर चढली आणि करवतीला हात घालणार, तोच तलावाच्या पाळीवरून आवाज आला.

"मॅडम, ते घर रिकामं नाई. मालक बाहेरगावी गेले."

रीना वायरमन होती. कोंढ्याच्या शिवारातल्या विजेच्या तारांची देखभाल तिच्याकडे होती. आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून 'बाई खांबावर चढेल काय' हा प्रश्न तिने इतक्यांदा ऐकला होता, की आता ती उत्तर देत नसे. सरळ चढत असे. त्या सकाळी तारेकडे झुकलेली फांदी छाटण्याचा हुकूम होता, आणि नेमके त्याच फांदीवर काटक्यांचे बैलगाडीच्या चाकाएवढे घरटे होते.

कोण मालक, असे तिने वरूनच विचारले. मत्स्यगरुडांची जोडी, असे खालून उत्तर आले. बोलणारा होता भय्याजींचा मुलगा प्रविण. पाळीखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, त्यांचीच. तलाव आटला की जोडी निघून जाते आणि माघात परतते. गेली दोन वर्षे हाच क्रम... यंदा मात्र अर्धा माघ सरला तरी पत्ता नव्हता. हे सांगताना त्याचा चेहरा असा पडला, जणू पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलेल्या माणसासमोरून शेवटची एसटीही रिकामीच निघून जावी.

रीनाला हसू आले. पण काम हसण्यावारी नेणारी ती नव्हती. लाइन बंद होती. तिने टेप काढला आणि फांदीच्या टोकापासून तारेपर्यंतचे अंतर दोनदा मोजले. ते नियमापेक्षा जास्त भरले. 'फांदी तोडण्याची आवश्यकता नाही' असे तिने नोंदवहीत लिहिले आणि खाली सही ठोकली. साहेब फोनवर गुरकावले. येऊन मोजा, असे तिने अदबीने सांगितले. साहेब आले नाहीत.

"काहून सोडली फांदी?" प्रविणने हळूच विचारले.

"तोडणं नियमात बसत नव्हतं म्हणून. तुमच्या पाखरायसाठी नाई."

तरीही दुसऱ्या दिवशी लाइन तपासण्याची तिची वाट पाळीवरूनच गेली. तिसऱ्या दिवशीही... आणि मग वाट वळवण्यासाठी तिने कारणे शोधणेच सोडून दिले.

प्रविण बांधीतल्या लाखोरी डाळीच्या कोवळ्या शेंगा ओंजळीत धरून बसलेला असे. दुर्बीण एकच होती. तिचा पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना बोटे बोटांना लागत, आणि दोघेही काही झालेच नाही अशा थाटात पाण्याकडे पाहत. पलीकडे पळस पेटत चालला होता.

"दुर्बीण झाडाकडं धरा," ती एकदा म्हणाली. "मी काही फांदीवर बसली नाई."

"फांदीवर पाहण्यासारखं काही नाईच तं..."

ती उठून निघाली खरी, पण त्या दिवशी तिची स्कुटी फार सावकाश गेली.

गावाला डोळे होते, तसे तोंडही होते. रीनाच्या घरी दिवस बुद्धवंदनेने सुरू होई, प्रविणच्या घरी तुळशीला पाणी घालून. एवढा फरक गावाला पुरेसा होता. तिच्या आईने, मंगलाबाईंनी, तिला अडवले नाही. त्यांच्या उंबऱ्यावर वाकून जाऊ नको, एवढेच बजावले. वाकायची सवयच नाही, असे रीनाने सांगितले.

होळीला पाच दिवस उरले असताना प्रविणने शेंगा आणल्या नाहीत. खूप खोदून विचारल्यावर तो बोलला. भय्याजींनी साकोलीचे स्थळ आणले होते. नकार देताच त्यांनी चार माणसांसमोर टोमणा मारला की, तुझी पाखरे परततील तेव्हाच तू बोहल्यावर चढशील. प्रविणही पेटला आणि शर्त लावून बसला. होळीच्या सकाळपर्यंत जोडी आली, तर तो स्वतःच्या मनाने लग्न करील. नाही आली, तर वडील म्हणतील तिथे.

रीनाने दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढला.

"मले विचारलं होतं?"

"कसं विचारू? आपलं तसं बोलणंच कुठं झालं..."

"मंग कोणाच्या भरवशावर शब्द देला?"

त्याने केविलवाणेपणाने घरट्याकडे बोट केले.

"त्या पाखरायले माहीत तरी आहे काय, त्यायच्या पंखायले माझं लग्न टांगलं म्हणून?"

माझं... शब्द तोंडातून निसटला होता. प्रविणने मान वर केली. त्याचे डोळे लखलखले.

"म्हणजे तू..."

"मी काही म्हटलं नाई," ती हेल्मेट उचलत म्हणाली. "म्हणायचं असन, ते तुझ्या बाबासमोर म्हणीन."

त्यानंतर चार दिवस ती पाळीकडे फिरकली नाही.

होळीच्या सकाळी भय्याजी त्याच चार माणसांना घेऊन पाळीवर आले. भय्याजी लबाड गृहस्थ नव्हते. त्यांनी दुर्बीण मागून घेतली, घरटे पाहिले, आभाळ पाहिले, पलीकडचा काठही पाहिला. मग ती परत देत म्हणाले, "शब्द तं शब्द, बापू."

"शर्त हरलो, बाबा," प्रविण म्हणाला. तो मागे सरला नाही. "पण जे माझ्या एकट्याचं नव्हतं, ते मी डावावर लावलं. साकोलीले मी जाणार नाई. गावानं मले शब्द मोडणारा म्हणावं."

भय्याजींचा चेहरा लाल झाला. चौघांपैकी यादोराव खाकरले. तेवढ्यात पाळीखाली स्कुटी थांबली. रीना कामाच्या गणवेशात होती. कोणाकडे न बघता ती ताठ पाळ चढून आली आणि प्रविणच्या शेजारी उभी राहिली, इतकी जवळ की बाही बाहीला लागावी. मग तिने भय्याजींना हात जोडले.

भय्याजींनी तिला आपादमस्तक न्याहाळले. त्यांनी हातातली काठी घरट्याच्या दिशेने उचलली. आवाज मात्र चढवला नाही.

"पोरी, पाखरं आली नाई."

"नाई आली तं नाई आली, काकाजी," रीना म्हणाली. "मी आली न."