रिकाम्या खोलीचं मोजमाप

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं मी एक अक्षरही घातलेलं नाही.

आणि रात्रबित्र नव्हती. थंडीतली भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

मी गाणी मिक्स करतो. म्हणजे गायकाचा आवाज आणि वाद्यं एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत अशी बसवून देतो. कान थकतात, आवडतं गाणं असलं की सरळ खोटं बोलतात. म्हणून समोर स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो. पडद्यावर एक रेघ असते. एका टोकाला ड्रमसारखे जाड आवाज, दुसऱ्या टोकाला झांजेसारखे बारीक. जो आवाज जास्त, तिथे रेघ वर. साधा कारभार आहे.

ही गोष्ट माझ्या ताईच्या गाण्यांची. संसाराच्या धबडग्यात तिचं गाणं मागे पडलं होतं. मुलं मार्गी लागली आणि तिने पुन्हा रियाज धरला. तिचं पहिलं रेकॉर्डिंग माझ्याकडे व्हायचं होतं. "घसा साथ देतोय तोवर उरकून घेऊ रे," असं ती सारखी म्हणायची. त्या गाण्यांत तिचा जीव अडकला होता.

मी नवीन खोली भाड्याने घेतली होती. दुसरा मजला, मागची बाजू. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या, गालिचा अंथरला आणि खोली मोजायला घेतली.

खोली मोजताना आत कोणी थांबायचं नसतं. माणसाचं अंग आवाज खातं. आपल्या बसायच्या खुर्चीच्या जागी माईक उभा करायचा, स्पीकरवर नळ सोडल्यासारखा एकसुरी आवाज लावायचा आणि आपण बाहेर पॅसेजमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचं.

उजवा स्पीकर लावला. रेघ सरळ आली.

डावा लावला...

रेघ बारीक आवाजांच्या टोकाला खाली वाकली.

स्पीकर बिघडला असेल म्हणून दोघांची अदलाबदल केली. वायर बदलली. तरी डावीकडची रेघ वाकडीच.

असं कधी होतं ते मला माहीत होतं. स्पीकर आणि माईकच्या मध्ये काही आडवं आलं की होतं. पण मध्ये काही नव्हतं. नुसता गालिचा होता.

तेवढ्यात ताई आली. "अजून तुझं सुंई सुंई चालूच? मला वाटलं, मी येईपर्यंत माळा घालून उद्घाटन झालं असेल."

"ताई, जरा उजव्या स्पीकरपुढे उभी राहा. हलू नकोस."

ती उभी राहिली. मी बाहेर येऊन पुन्हा मोजलं.

मघाशी सरळ आलेली उजवीकडची रेघ आता वाकली. पडद्यावर मी मघाची डावीकडची रेघ तिच्यावर ठेवली...

दोन्ही तंतोतंत एकावर एक बसल्या.

डावीकडे माणसाएवढं कोणीतरी उभं होतं.

ताईला मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आज नको, दुसरीकडे करू. ती हसत सुटली.

"माणूस तर माणूस. इतक्या वर्षांनी गातेय, एक तरी श्रोता मिळाला." मग डाव्या स्पीकरकडे बघून, घरी पाहुणा यावा तशी म्हणाली, "ये बाबा, असा लांब काय उभा? जवळ येऊन ऐक."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण तिला बाहेर काढून पुन्हा मोजलं, तर डावीकडची रेघ सरळ.

कोणी नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मीही हसलो.

गेलं असेल, असं मी धरून चाललो.

ताई माईकपुढे उभी राहिली. मी दार लावून बाहेर बसलो, हेडफोन चढवला. तिने पहिला स्वर लावला...

आवाज दबलेला आला. उशीतून आल्यासारखा.

रेघ पाहिली. बारीक टोकाला तीच वाकण.

माईक बदलला. पुन्हा तेच. दाराच्या काचेतून ताई दिसत होती. डोळे मिटून, मन लावून गात होती. तिच्या तोंडाच्या आणि माईकच्या मध्ये वीतभर जागा होती. तेवढ्या जागेत कोण मावेल?

मी धावत आत गेलो. "ताई, बस. चल इथून."

जिन्यावर ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती, कारण विचारत होती. आता माईक नव्हता, स्पीकर नव्हते. तरी तिचा आवाज मला कोणाच्या तरी पाठीआडून येत होता.

मी घरमालकीणबाईंना विचारलं, आधी खोलीत कोण राहायचं. "कोणी नाही हो," त्या म्हणाल्या. "अडगळ असायची नुसती."

खोली मी सोडली. ताईचा घसा दोन डॉक्टरांनी तपासला. काही दोष नाही म्हणाले. भावोजी म्हणतात, वयाने आवाज जरा बसलाय. मुलं म्हणतात, आई, मोठ्याने बोल ना.

तरी ती रोज रियाज करायची आणि मला रेकॉर्ड करून पाठवायची. मी रेघ पाहायचो, वाकलेलीच असायची. मग फोन करून सांगायचो, छान झालंय. दुसरं काय सांगणार?

परवा तिचाच फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस. गाताना माझ्या तोंडावर समोरून श्वास येतो रे. गार असतो. खिडक्या बंद असल्या तरी."

मी म्हणालो, "ताई, गाणं बंद कर. काही दिवस तरी."

"केलंय," ती म्हणाली. "आठवडा झाला, गायलेच नाही. आता बोलतानाही येतो."