एक बोट खाली

शिडाच्या बोटीतून पृथ्वीला एक पूर्ण फेरी मारायची, आणि तीही दोघांनीच! या एका वेडापायी त्या नवराबायकोने राहतं घर विकलं होतं. अकरा महिन्यांत वादळं पचवली, दोनदा शीड फाटलं, एकदा तर सोळा दिवस नुसत्या बटाट्यांवर काढले. आता उरला होता शेवटचा टप्पा, एकोणीस दिवसांचा सलग समुद्र. त्यासाठी लागणारा मोसमातला शेवटचा वारा शनिवारी सुटणार होता. तो चुकला की पुढचा थेट सात महिन्यांनी! म्हणून मंगळवारी त्यांनी वाटेतल्या बंदरात नांगर टाकला. चार दिवस खायचं, लोळायचं, पाय मोकळे करायचे, बस्स.

नवरा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेला. बायको त्याला कप्तान म्हणायची, आणि तो तिला बाईसाहेब. बाईसाहेबांनी सत्तावीस वर्षं जकात नाक्यावर लोकांच्या पेट्या उघडल्या होत्या. समोरचा माणूस नुसता हसला तरी याने काहीतरी लपवलंय, असं त्यांना वाटायचं. निवृत्त झाल्या, पण सवय कुठली जायला!

बंदरातल्या सुट्टीचा दोघांचा एक कडक नियम होता. बोटीचा विषय जो काढेल, त्याने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. समुद्रावर सकाळ-संध्याकाळ तळाच्या फळ्या उचलून पाणी तपासायचं, बंदरात मात्र बोट विसरायची.

बुधवारी सकाळी दोघं छोटी होडी वल्हवत गावात निघाले होते. तेवढ्यात एक टकला म्हातारा आपल्या होडीतून त्यांच्या बोटीपाशी आला. बोटीच्या पोटावरचा लाल पट्टा त्याने वाकून पाहिला आणि मोठ्याने ओरडला, "एक बोट खाली!"

बाईसाहेबांनी कान टवकारले. एक बोट खाली! म्हणजे रिकामी! आम्ही उतरलो नाही तोच हा साथीदारांना वर्दी देतोय!

परतल्यावर पाहतात तर लाल पट्ट्याच्या वर खडूची एक उभी रेघ. चोर दारावर खूण करतात तशी! त्यांनी फडकं ओलं करून ती पुसून टाकली. कप्तान चहा ढवळत होता. सांगावं का? पण सांगितलं तर भांडी! त्यांनी फडकं पिळून वाळत टाकलं.

गुरुवारी दोन रेघा. दोन माणसं, दुसरं काय! पुसल्या. म्हातारा लांबून हात करत होता. बाईसाहेबांनी त्याच्या तोंडावर पडदा ओढला. शुक्रवारी जेवायच्या आधी पाहिलं तर चार! चार वाजता येणार वाटतं मेले! त्यांनी रेघा पुसल्या, कप्तानाला दाढीच्या निमित्ताने गावात पिटाळलं आणि स्वतः लाटणं घेऊन खिडकीखाली फळ्यांवर पालथ्या पडून राहिल्या.

उन्हाचा कवडसा हळूहळू सरकत होता. बाहेर वल्ह्याचा आवाज आला, मग खडूचा. खर्र. खर्र. आणि अगदी कानाखाली आणखी एक आवाज. डुबुक. डुबुक. तो बाहेरून येत नव्हता!

बाईसाहेब ताडकन उठल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी म्हाताऱ्याचं मनगट धरलं. "सापडलास! कोणाला खुणा करतोस रे?"

"अहो बाई, तुम्हालाच!" म्हातारा कळवळला. "पाच बोटं! तुमची बोट पाच बोटं खाली गेलीय! परवा एकच बोट खाली होती, तेव्हापासून ओरडतोय मी!"

बाईसाहेबांचा हात सुटला. हाताची बोटं! लाल पट्टा पाण्यात किती बोटं बुडाला, ते हा माणूस मोजत होता!

त्यांनी तळाची फळी उपटली. खाली काळंशार पाणी! डबे तरंगताहेत, बटाटे तरंगताहेत. हातपंप मारला, दोनदा दाबताच अडकला. भिजून सुटलेल्या डब्यांच्या कागदांनी नळी बुजली होती. इंजिनाची चावी फिरवली, ते नुसतं ठसकलं. पाणी फळ्यांवर आलं!

त्यांनी भोंगा वाजवला. एकदा, दोनदा, दहादा! धक्क्यावरून कप्तान धावत आला, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर साबणाचा फेस. होडी वल्हवत पोचला आणि आत डोकावला.

"शीड चढवा," एव्हाना बोटीवर चढलेला म्हातारा म्हणाला. "त्या किनाऱ्याच्या वाळूवर घाला सरळ, सगळ्या वेगाने, नाहीतर इथेच बुडेल. भरती उतरायला लागलीय. अर्ध्या तासाने तिथे पोचणार नाही."

वाळूत घाला? आपलं घर? बाईसाहेबांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. रुतलेली बोट कोणाच्या घशात जाणार? या म्हाताऱ्याच्याच ना? त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांच्याच पातेल्याने पाणी उपसत होता. धाप लागली होती, तरी थांबत नव्हता. नाक्यावर सत्तावीस वर्षांत त्यांनी फार ढोंगी पाहिले होते. ढोंगी माणूस असा उपसत नाही.

"कप्तान, शीड!"

नांगर ओढायला वेळ नव्हता. त्यांनी भाजीच्या सुरीने दोर कापला. शीड फडफडलं, भरलं. जडावलेली बोट हलली. सुकाणू ऐकेना! दोघांनी मिळून रेटलं. समोर नांगरलेली एक बोट, घासून गेली! दुसरी, हातभरावरून! "डावीकडे! अजून! आता सरळ! थांबू नका!" म्हातारा ओरडत होता. आणि मग खालून असा दणका बसला की तिघंही आडवे झाले. बोट वाळूत घुसली, कलंडली आणि थांबली.

वाचली!

ओहोटी लागल्यावर तिघं बोटीखाली शिरले. म्हातारा बोटींच्या फटी बुजवणारा कारागीर होता. सुकाणूजवळच्या फळीवर त्याने अंगठा टेकवला आणि अंगठा आत गेला. पाण्यातल्या किड्यांनी लाकडाचा भुगा केला होता.

"मग नीट येऊन सांगायचं नाही का?" बाईसाहेब जवळजवळ रडत म्हणाल्या.

"तुम्ही रोज पुसत होता ना! आमच्यात मालकाने रेघ पुसली की समजायचं, त्याने पाहिलं. मी म्हटलं, बाई हुशार आहेत, करतील काहीतरी."

कप्तानाने घसा खाकरला. "डुबुक डुबुक मी गुरुवारीच ऐकलं होतं," तो पुटपुटला. "पण बोललो असतो तर भांडी..."

"अहो, जीव गेला असता!" बाईसाहेब ओरडल्या, आणि मग त्यांना स्वतःचं फडकं आठवलं.

शनिवारी सकाळी वारा सुटला. अगदी हवा तसा, भरघोस. बंदरातल्या बोटी एकेक करून बाहेर पडू लागल्या. कप्तान एकेका शिडाकडे पाहतच राहिला. बाईसाहेबांचाही जीव तिकडेच ओढत होता. अकरा महिने याच वाऱ्यासाठी तर काढले होते!

कारागीर डोकं खाजवत म्हणाला, "फळी बदलायला दीड महिना हवा. पण अगदीच घाई असेल तर वरून पत्रा ठोकतो, डांबर भरतो. संध्याकाळच्या भरतीला जाल."

कप्तानाचे डोळे चमकले. "ऐकलंस? जाऊ आपण! एकोणीस दिवसांचाच तर प्रश्न आहे!"

बाईसाहेब कारागिराकडे पाहत राहिल्या. या वेळी त्यांनी शब्द नीट कान देऊन ऐकला होता.

"जाल म्हणालात. पोचाल म्हणाला नाहीत."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "नाही म्हणालो."

कप्तान वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाईसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. शेवटची बोट बंदराबाहेर पडेपर्यंत दोघं तसेच बसून होते. मग त्या उठल्या.

"फळी काढा," त्या कारागिराला म्हणाल्या.