वाफेची हाक

सह्याद्रीच्या पोटातल्या जलविद्युत केंद्रात मृदुला खानोलकर वीजजाळ्याची वारंवारता दाखवणाऱ्या काट्यासमोर बसली होती. आज काटा स्थिर राहिला, की तिची सही होणार आणि किनाऱ्यावर बंद झालेल्या वाफेच्या केंद्राच्या जागी उभं राहिलेलं नवं सौर केंद्र जाळ्याला कायमचं जोडलं जाणार.

"मॅडम, तुमचा अजून विश्वास नाही," तिथून आलेला अभियंता इब्राहिम मुकादम हसला.

"पाण्याने फिरो की वाफेने, चाक ते चाक, मुकादम. तारेने जोडलेली दोन्ही चाकं एका तालात फिरायची. तिकडे वाफ वाढली, की इथे काटा वर. तुमच्या सौरपट्ट्यांत फिरतंय काय? विजेचा भार एकदम वाढला तर सावरणार कोण?"

"तालरक्षक. जुन्या वाफेच्या टर्बाइनच्या नोंदींवरून ही यंत्रणा शिकलीय. चाक नाही, पण वागते थेट तशीच."

जुनं टर्बाइन जयवंत चालवायचा, तिचा नवरा. संध्याकाळची पाळी सुरू झाली, की तो वाफेची झडप किंचित जास्त उघडायचा. काटा केसभर चढायचा. मृदुला इथे पाणी जरासं कमी करायची, की काटा जागेवर. ती विसरली, तर तो पुन्हा उघडायचा. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. घरी म्हणायचा, "आज फार वाट बघायला लावलीस गं!"

ते केंद्र बंद झालं, त्याच वर्षी तो गेला. तेव्हापासून रोज पाळी बदलताना तिचा हात पाण्याच्या झडपेच्या चाकाकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा.

पाळी बदलली. काटा केसभर चढला.

"हे काय? भार तर घटलेला नाही!" मुकादम पुढे वाकला.

काटा उतरला. थोडा थांबला. पुन्हा चढला.

"जुन्या टर्बाइनचा दोष शिकलाय वाटतं. पुसून टाकतो, मग सही करा."

मृदुलाने पाणी जरासं कमी केलं. काटा जागेवर आला आणि तिथेच राहिला.

"पुढे हे जलकेंद्रही बंद होणार आहे ना, मग इथे काय बसवणार?" तिने विचारलं.

"दुसरा तालरक्षक. तुमच्या केंद्राच्या नोंदींवरून शिकवलेला."

"मग काही पुसू नका. त्याला सावरणारा हात माझ्या नोंदींत आहे. एकाचं पुसलंत, तर दुसरा उगाच जाळं हलवत राहील."

मुकादमने क्षणभर हिशेब केला. "बरोबर आहे, मॅडम. दोघं जोडीनेच ठेवावे लागतील."

मृदुलाने सही केली.